ओली नोटीस
कागद चिकटवायच्या खळीचा आंबूस वास आला की डोकमर्डीतल्या आमच्या वस्तीमागचं मैदान आठवतं. विकास आराखड्यात तिथे गोदामं दाखवलीत, असं कानावर आलं, म्हणून शेजारी राहणाऱ्या, मूळ धुळ्याच्या काकांना घेऊन मी कचेरीत गेलो. हरकतीची मुदत तीस दिवसांची होती आणि फलकावरच्या नोटिशीच्या तारखेप्रमाणे तो शेवटचा दिवस होता. "महिनाभर लागलीय, तुम्हीच वाचत नाही," कारकून म्हणाला. काकांनी नोटिशीचा कोपरा चाचपला आणि ओल्या खळीने चिकट झालेलं बोट माझ्यापुढे धरलं. "भाऊ, हाई ते वलंच शे." कारकुनाने उठून पंखा लावला. आम्ही तिथेच उभ्याने हरकत लिहून दिली, तरी गोदामं झालीच. आजही सरकारी नोटीस दिसली की मी आधी बोट लावतो, तारीख नंतर वाचतो.