हरलेल्या गावांचे बिल्ले

जिंकणाऱ्यांविषयी इतका निरुत्साह असलेला माणूस अख्ख्या पालघर जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही. माझ्या बायकोचे हे मामा घोलवडचे. धंदा चिकूचा, जीव मात्र बिल्ल्यांत. मोठ्या क्रीडास्पर्धा आपल्याकडे भराव्यात म्हणून जगभरातली शहरं खटपट करतात आणि प्रचारासाठी छातीवर लावायचे मीनाकामाचे सुबक बिल्ले काढतात. स्पर्धा मिळते एकाच शहराला. बाकीच्यांचे बिल्ले मामा गोळा करतात. "त्या बिचाऱ्यांनी रस्ते झाडले असतील, पोरांना स्वागतगीतं शिकवली असतील," ते कळवळून सांगतात, "आणि पाहुणे आलेच नाहीत!" एकदा सुकवलेल्या चिकूच्या चकत्या पाठवून त्यांनी परदेशातल्या एका म्हाताऱ्याकडून दुर्मीळ बिल्ला मिळवला. म्हाताऱ्याने उलट विचारलं, "या किती वेळ उकळायच्या?" मामी म्हणतात, "मला कधी साधं मखमलीचं पाकीट आणलं नाही, आणि या पत्र्यांना मखमलीची गादी!"

गेल्या वर्षी कैनाडच्या बायकांनी तालुक्याची महिला कबड्डी आपल्या गावात भरवायचं मनावर घेतलं. त्यांची कप्तान सुनीता मामांच्या बागेत चिकू उतरवायला येते. भातकापणी झाल्यावर बायकांनी बांध फोडून शेत सपाट केलं, माती चोपली, सारवलं. पाहणीला मंडळी आली, पाहुणचार घेऊन गेली आणि स्पर्धा दुसऱ्याच गावाला दिली.

"आता खेळायचंच नाही, काका," सुनीता म्हणाली. "बायका माझ्या शब्दावर राबल्या. त्यांना तोंड कसं दाखवू?"

मामा त्या दिवशी जेवले नाहीत. काही दिवसांनी मुंबईहून एक पुडकं आलं. आत बिल्ले: हिरवी कड, मधे लाल लुगड्यातली चढाई करणारी बाई, खाली 'कैनाड'.

सुनीताने एक उचलून उलटसुलट पाहिला. "पण आपल्याला तर नाही म्हणाले ना?"

"म्हणून तर केले! हो म्हणाले असते तर मी कशाला धावपळ केली असती?"

ती आधी हसली, मग पदराने डोळे पुसले. संध्याकाळी पुडकं घेऊन ती घरोघर फिरली. स्पर्धेला सगळ्या बायका बिल्ले लावून गेल्या आणि दुसऱ्याच फेरीत बाद झाल्या, पण यजमान गावच्या मुली त्यांच्यामागे, "ताई, आम्हाला पण एक द्या ना!" मामा मांडवात असे बसले होते, की जणू लेकीचं लग्न आहे.

यंदा संघ उभा राहिला नाही. कुणाचं लग्न झालं, कुणी तलासरीकडे कारखान्यात लागली. मामाही थकलेत. परवा त्यांना मसोलीला डॉक्टरांकडे नेलं होतं. तिथून निघाल्यावर म्हणाले, "जरा कैनाडवरून घे."

मैदानाचं पुन्हा शेत झालं होतं. कापणी होऊन पेंढा वाळत पडला होता. मामा उतरले नाहीत. काच खाली करून बराच वेळ बघत राहिले.

"जागा काय सुंदर आहे रे," ते हळूच म्हणाले. "इथेच भरायला हवी होती."