राज्य कुणावर?

परवा मॉलमधल्या एका घरसजावटीच्या दुकानाच्या काचेत कापूस दिसला. धागा नाही, कापड नाही, काडीसकट उकललेली बोंडं. सुतळीनं बांधलेली जुडी, चिनी मातीच्या बरणीत ऐटीत उभी, आणि शेजारी लाकडी पाटीवर वळणदार अक्षरांत ‘फार्महाउस’. मी अकोल्याची. कापूस मी स्वतः वेचलेला नाही, पण वेचणाऱ्या बायकांची बोटं पाहिली आहेत. वाळलेल्या बोंडाच्या नख्या त्या बोटांना काय करतात ते मला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. काचेपलीकडचा तो कापूस इतका स्वच्छ, इतका निवांत होता, की जणू तो कुणी पेरला नव्हता, निंदला नव्हता, वेचला नव्हता. थेट बरणीतच उगवला होता. माझं डोकं तडकलं. आणि तडकलेल्या डोक्यात, कसं कोण जाणे, ती कादंबरी आली. गेल्या वर्षी वाचलेली.

इथे अमेरिकेत, पिस्कॅटवे गावात, आमचा एक वाचनगट आहे. महिन्यातून एका शनिवारी दुपारी एका काकूंच्या बेसमेंटमध्ये जमायचं, पुस्तक कुठल्याही भाषेतलं असो, बोलायचं मात्र मराठीत. ज्याचं पुस्तक, त्यानं त्यातला आवडता उतारा सगळ्यांना तिथल्या तिथे मराठीत करून सांगायचा. हा नियम मला फार आवडतो. इंग्रजीत माणूस दार लोटून बसतो. मराठीत आणलं की दाराच्या फटीतून घरातलं सगळं दिसायला लागतं.

त्या महिन्यात पुस्तक निवडलं होतं एका काकांनी. विदर्भातल्या एका खेड्यातून आलेले, इथे तीस-पस्तीस वर्षं इंजिनियर, आता निवृत्त. एरवी ते गटात चहा ओतायचे आणि ऐकायचे. पण या वेळी मुलीला घेऊन आले. मुलगी इथंच जन्मलेली, फिजिओथेरपिस्ट. मराठी कळतं, बोलते अडखळत. “मी काही लिहिणारा माणूस नाही,” काका आल्या आल्या मला म्हणाले, “पण हे पुस्तक वाचलं आणि वाटलं, अरे, हे तर माझंच. तिला म्हटलं, बाई गं, एवढं वाच. बाप कुठून आलाय ते एकदा कळू दे.” हे म्हणताना ते मुलीकडे असे बघत होते, जसा परीक्षा दिलेला पोरगा निकालाकडे बघतो.

कादंबरी इथल्या दक्षिणेतली. लाल माती, कापसाचं शेत, जमीनदाराचा एकुलता मुलगा, आई, खेचर, मळ्याकडेचा ओढा. मऊ, संथ, उन्हात वाळत घातलेल्या चादरीसारखी भाषा. गटात मतं दहा दिशांना. ज्यांचं बेसमेंट त्या काकू म्हणाल्या, “किती गोड लिहिलंय! ते खेचर मेलं तेव्हा मी दोन वेळा चष्मा पुसला.” नागपूरचा एक आयटीवाला म्हणाला, “यार, घडतच नाही काही. शंभर पानं झाली तरी ते पोरगं ओढ्यात पायच बुडवून बसलंय.” एका मावशींना त्यातल्या जेवणाची वर्णनं आवडली, बोलीभाषा मात्र झेपली नाही. “स्पेलिंगच्या चुका वाटल्या मला,” त्या म्हणाल्या, आणि सगळे हसले.

मी हसले नाही. मी भाडेकरूंच्या संघटनेत काम करते, पत्रकं लिहिते, दारोदार वाटते. एका पानात अन्याय सांगायची सवय झाली की चारशे पानांत तो न सांगणाऱ्या माणसाचा संताप येतो. म्हटलं, “या अख्ख्या पुस्तकात शेतात राबणारी काळी माणसं आहेत कुठे? संध्याकाळच्या उजेडासारखी मागे पसरलीत नुसती. गाणी म्हणतात, हसतात, आणि प्रकरण संपलं की नाहीशी होतात. कुणाला आडनावसुद्धा नाही.”

“अगं, लहान मुलाच्या नजरेतून आहे ना ते,” काकू म्हणाल्या.

“लहान मुलाची आहे, पण मालकाच्या मुलाची.”

“झालं! हिचं पत्रक सुरू झालं,” नागपूरकर म्हणाला. “थांब, मी सही कुठे करायची ते सांग.”

काकांनी हात वर केला, जरा लाजत. “नाही नाही, आहे ना. तो म्हातारा आहे. त्याच्यासाठीच तर मी पुस्तक आणलं.” आणि त्यांनी त्यांचा उतारा सांगायला घेतला. शेतावरचा म्हातारा काळा मजूर आणि तो मुलगा रोज संध्याकाळी घोड्याचे नाल खुंटीवर फेकायचा खेळ खेळतात, आणि मुलगा रोज जिंकतो. काका रंगून सांगत होते. “मुलगा म्हणतो, ‘ए, आज तू आधी फेक.’ म्हातारा म्हणतो, ‘नाही, तुम्ही फेका. तुमचा नेम चांगला.’”

मी म्हटलं, “काका, एक मिनिट. पुस्तकात दोघंही एकमेकांना ‘यू’ म्हणतात. हे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ तुम्ही कुठून आणलंत?”

काका थांबले. “अगं, असंच असतं ना ते.”

“का असतं?”

“म्हणजे... आमचा गडीही असाच बोलायचा. आम्ही विटीदांडू खेळायचो.”

मुलीचा चेहरा उजळला. तिनं मान हलवत आम्हाला सांगितलं, लहानपणी झोपताना बाबा रोज या गड्याची गोष्ट सांगायचा. बाबाचा बेस्ट फ्रेंड. रोज त्याच्यावरच राज्य यायचं, रोज तोच विटीमागे धावायचा. “गडी मीन्स प्लेमेट, राइट? आमच्या मराठी शाळेत खो-खोत म्हणायचे, आपला गडी.”

“तो गडी वेगळा गं,” नागपूरकर सहज बोलून गेला. “काकांचा म्हणजे सालगडी. शेतावरचा नोकर.”

 वरच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडला तो ऐकू आला. मुलगी बापाकडे वळली. “बाबा, हाउ ओल्ड वॉज ही?”

काकांनी चष्मा काढला. “माझ्या वडिलांच्या वयाचा असेल.”

“आणि तू?”

“आठ. नऊ.”

 तिच्या मनातला तो अनवाणी पोरगा, बाबाएवढाच उंच, वीस-पंचवीस वर्षं विटीमागे धावणारा, तिथं बेसमेंटमध्ये आमच्या डोळ्यांदेखत वयात आला, थकला, पांढऱ्या केसांचा झाला. मग ती म्हणाली, आवाज न चढवता, “बाबा, मग तो खेळत नव्हता. ही वॉज ॲट वर्क.”

“नाही गं. त्याला आवडायचं.”

“विचारलं होतंस?”

“असं विचारतात का? कळायचं ना. हसायचा तो.”

 काकांनी चष्मा पुन्हा घातला आणि सगळ्यांना चहा हवा का विचारलं. चहा कुणालाच नको होता, तरी सगळे हो म्हणाले.

पुढे गाडीत त्या दोघांत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. मी जे विचारलं ते योग्यच विचारलं, आजही विचारेन. ‘यू’च्या गोधडीखाली किती माणसं झाकली जातात ते बघायचं असेल तर ती मराठीत आणावीत, असं मी तावातावानं म्हणतच असते. मराठी तर काय, जो धावतो, घामाघूम होतो, त्याच्यावर ‘राज्य’ आलं म्हणते. एवढी बेरकी थट्टा कुठल्या भाषेनं केली असेल! पण माणूस हसत होता तेव्हा त्याला खरंच हसू येत होतं का, हे मात्र मराठीतही कुठल्या प्रत्ययात लिहिलेलं नसतं. बाप म्हणतो मैत्री होती. मुलगी म्हणते नोकरी होती. ज्याला माहीत होतं तो केव्हाच गेला असणार, आणि त्याला कुणी त्याची गोष्ट कधी विचारलेली नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात गटाची सहल होती. पार्कात सतरंज्या, शेगडीवर कणसं. काका नव्या आलेल्या एका जोडप्याशी बोलत होते, मुलगी शेजारी बसून कणसाला लिंबू चोळत होती. मी पलीकडे होते, तरी ऐकू आलं. “आमच्या शेतावर एक गडी होते,” काका म्हणाले. “माझ्याशी विटीदांडू खेळायला लागायचं त्यांना.”

बेसमेंटवाल्या काकू पुण्याच्या, व्याकरणाच्या पक्क्या. म्हणाल्या, “गडी होता म्हणा हो. एकच ना?”

“एकच,” काका म्हणाले. “होते.”

मुलीनं मान वर केली नाही, पण तिचा हात कणसावर थांबला. काका पुढे सांगत राहिले, पूर्वीपेक्षा हळू, अडखळत. प्रत्येक क्रियापदापाशी त्यांना जरा थांबावं लागत होतं. ते धावायचे. ते हसायचे. ते का हसायचे, मला माहीत नाही.

पन्नासेक वर्षं उशिरा आलेलं ते आदरार्थी अनेकवचन कुणाच्या उपयोगाचं? ज्याचं होतं त्याच्यापर्यंत ते पोचत नाही. पत्रकात मी लिहिलं असतं, शब्द नको, हिशेब द्या. तेही खरंच आहे. तरी मी कणीस हातात घेऊन तिथंच उभी राहिले, आणि गोष्ट संपेपर्यंत हलले नाही.