पट्टी-चेन वगळून

दिनूच्या बोडक्या मशीनचा किस्सा मी आजवर कितीदा सांगितला असेल? बारशाला, साखरपुड्याला, एकदा तर तेराव्याला — तिथेही लोक हसले आणि मग यजमानांकडे बघून गप्प झाले. आमच्या घराण्यात गोष्टी सांगण्याचं काम माझ्याकडे आहे. दुसरं कुठलं काम माझ्यावर सोपवावं असं कुणाला वाटत नाही, म्हणून असेल. पण त्या किश्श्यातला एक तुकडा मी दर वेळी गाळतो. बायकोला तो ठाऊक नाही, मुलांना नाही, दिनूला तर नाहीच. आज तुम्हाला सांगतोय, कारण — कारण काही मोठं नाही. तुम्ही आमच्या वाडीतले नाही, एवढंच.

दिनू माझा चुलतभाऊ, चार वर्षांनी धाकटा. देवरुखच्या पुढे डोंगराकडच्या वाडीत त्याचं घर आणि माझं घर शेजारी. मध्ये जांभ्या दगडाचा गडगा, आणि त्या गडग्यातच उगवलेला एक कापा फणस. माझ्या अंगाला पडेल तो फणस माझा, त्याच्या अंगाला पडेल तो त्याचा, असा आमच्या वडिलांच्या वेळचा ठराव. जमीन दिनूकडे उतरती. म्हणजे ठराव कुणी सुचवला असेल ते तुम्ही ओळखलंत.

त्या फणसावरून आम्ही सात वर्षं बोलत नव्हतो. गणपतीत तो माझ्याकडे आरतीला येत नव्हता, मी त्याच्याकडे जात नव्हतो. पुण्याच्या माणसाला यात विशेष वाटणार नाही. आमच्याकडे एवढ्यावर माणसं मेलेली धरतात.

मला दिनू आवडत नव्हता. आजही आवडत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढे तुम्हाला वाटेल की मी मवाळ झालोय. त्याचं सकाळी गडग्याशी उभं राहून खाकरणं, ते मी हायस्कूलच्या प्रयोगशाळेत सहायक आहे म्हणून मला मुद्दाम ‘सायंटिस्ट’ म्हणणं — डोकं फिरायचं. पण हात? हात मात्र त्याला देवानं दिलेले. आंब्याची कलमं बांधायचा. पावसाळ्यात नर्सरीवाले त्याला घरून गाडीनं न्यायचे. रोपाला चीर देऊन त्यात काडी बसवायची आणि वरून प्लॅस्टिकची फीत गुंडाळायची — बघणाऱ्याला फक्त बोटं हललेली दिसायची. त्याचं घर त्या बोटांवर चालायचं.

आता मशीन. माझा मेव्हणा बोटीवर असतो. त्यानं एकदा परदेशातून येताना लाकूड कापायची चेनसॉ आणली आणि मला भेट दिली. का, ते विचारू नका. मी ती एकदाच चालवली. फांदी माझ्याच न्हाणीघरावर पडली. बायको आत नव्हती हे तिचं नशीब, आणि त्याहून जास्त माझं. त्या दिवसापासून मशीन माळ्यावर. शेवटी बायकोनंच कंटाळून वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकला — वापरलेली चेनसॉ विकणे आहे.

आणि विचारायला कोण यावं? दिनू. एकटा नाही, बरोबर आमच्या वाडीतल्या बाबी गुरवाला घेऊन. सात वर्षांत तो पहिल्यांदा माझ्या दारापुढच्या खळ्यात उभा.

नाही म्हणता येत होतं ना? येत होतं. पण बायकोनं अख्ख्या ग्रुपला कळवलेलं. आणि भावालाच दिली नाही अशी बोंब झाली असती. शिवाय हाच दिनू मागे ओरडून म्हणाला होता, एक दिवस मशीन आणून तो फणस मुळापासून काढतो. म्हणजे मी माझ्या हातानं त्याला ते मशीन द्यायचं? तेव्हा मला एक गोष्ट सुचली. सुचली तेव्हा — आता लपवून काय करू — गुदगुल्या झाल्या.

चेनसॉचं इंजिन वेगळं; आणि लाकूड कापते ती पुढची लांब पट्टी आणि तिच्यावरून फिरणारी दातेरी चेन. तेवढी काढली की मशीन म्हणजे नुसता आवाज. मी आत गेलो, माळ्यावर चढलो, पट्टी-चेन सोडवून पोत्यात गुंडाळली आणि उरलेलं बोडकं इंजिन बाहेर आणलं. म्हणालो, “पट्टी-चेन वगळून देतोय. न्हाणीघराच्या वेळी मोडली, भंगारात गेली.”

बाबीनं माझ्याकडे असं बघितलं, की मी मशीनवरची धूळ पुसायला लागलो. तो दिनूला म्हणाला, “अरे, माळ्यावर बघूक सांग त्याला. हा असाच नाय सोडायचा.”

आणि दिनू — सात वर्षं माझ्या नावानं बोटं मोडणारा दिनू — म्हणाला, “नाय रे. दादा वाकडा हाय. पन खोटा नाय बोलायचा.”

किश्श्यात हे वाक्य मी सांगत नाही. किश्श्यात दिनू बोडकं मशीन उचलून जातो आणि पुढचे सहा महिने पट्टी शोधत हिंडतो — देवरूख, रत्नागिरी, चिपळूण, लोटे एमआयडीसीतल्या एका कंपनीतल्या ओळखीच्या फिटरकडे. परदेशी मशीन, इथली कुठलीच पट्टी त्याला बसेना. दुकानदार काय म्हणाले, फिटर काय म्हणाला, एकानं चक्क सायकलची चेन काढून दाखवली — हे सगळं मी आवाज बदलून सांगतो. लोक डोळे पुसतात. तेवढं सगळं खरं आहे. बसणारी एकमेव पट्टी पंधरा पावलांवर पोत्यात होती, आणि मी गंजू नये म्हणून तिला तेल लावत होतो. हे कसं वाटतं तुम्हाला? वापरायची नाही, द्यायची नाही, तरी महिन्यातून एकदा तेल.

शेवटी दिनूनं एक दुसरीच पट्टी आणली, वेल्डरकडून तिची खाच मोठी करून घेतली, खाली वायसर घातले आणि बसवली. गडग्यापलीकडे एका ओंडक्यावर चालवून बघितली. मी माझ्या बाजूनं बघत होतो — म्हणजे शेवग्याच्या आडून बघत होतो. चेन एकदा उतरली. त्यानं परत चढवली, पुन्हा सुरू केली, पुन्हा उतरली. मी शाळेत चाकं-दाते-साखळ्या कपाटात लावणारा माणूस. मला दोन मिनिटांत कळलं की चेनचं माप आतल्या चक्राच्या दात्यांशी जुळत नाही, जोर आला की ती उसळणार. कळलं. आणि मी घरात येऊन चहा प्यायलो.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, खोडसाळपणा. भावाभावांत चालायचंच. मीही स्वतःला तेच सांगत होतो. पण मी अजून मूळ गोष्टीपर्यंत आलेलो नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. मी असाच आहे. गोल गोल फिरतो.

मेच्या अखेरीस वादळ झालं. सकाळी वारा पडला आणि बघतो तर दिनूचा रायवळ आंबा आडवा, थेट गोठ्यावर. गोठ्यात त्याची गाभण गाय. वासा मोडून छप्पर खाली आलेलं, गाय त्याच्याखाली बसल्या जागी अडकलेली. तिचा आवाज — नको. वाडीतली माणसं कोयते-कुऱ्हाडी घेऊन यायला लागली होती, पण बुंधा जाडजूड. दिनूची बायको गडग्याशी आली. पदर ओला, केस सुटलेले. सात वर्षांत तिनं मला हाक मारली नव्हती.

“भावजी, त्या मशीनची जुनी पट्टी, चेन, काय म्हंजे कायव पडलीय काय तुमच्याकडं? बघा ना जरा. ह्यांची सारखी उतरतेय.”

काय म्हणायचं होतं? एक शब्द. सापडली. कोपऱ्यात होती गं, आता सापडली. कुणी मला फासावर दिलं नसतं. गाईच्या गडबडीत कुणी विचारलंही नसतं. ती मला वाटही करून देत होती, बघा ना म्हणून. शरमेनं मी ते म्हटलं नाही, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. शरम ही बरी दिसते. शरमलेल्या माणसाला लोक माफ करतात.

खरं सांगू? शरम नव्हती. मला बरं वाटलं होतं. त्याच्या दारची बाई माझ्या गडग्याशी उभी आहे, मागते आहे, आणि नाही म्हणणं माझ्या हातात आहे — मला बरं वाटलं.

म्हणालो, “नाही गं. भंगारात दिली तेव्हाच.”

ती धावत गेली. थोड्या वेळानं मशीन सुरू झालं. मी पडवीत उभा राहून ऐकत होतो. चेन उसळणार हे मला माहीत होतं; कधी उसळते त्याची वाट बघत होतो. त्याची फजिती व्हावी, चारचौघांत मशीन बंद पडावं — एवढंच मनात होतं, असं म्हणतो. एवढंच होतं का? माहीत नाही. आवाज एकदम चढला, मग तुटला. मग दिनू ओरडला.

उजव्या हाताची दोन बोटं. तर्जनी आणि तिच्या शेजारचं.

माझी जुनी व्हॅन मीच काढली. देवरुखला मलमपट्टी करून थेट रत्नागिरीला नेलं. घाईत मी त्या दिवशी जशी गाडी चालवली तशी पुन्हा कधी चालवलेली नाही. लोकांनी नाव काढलं. भांडण विसरून भाऊ धावला, म्हणाले. दिनू मागच्या सीटवर बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून होता. लांज्याच्या बाजूनं आलेला एक टँकर पुढे आडवा झाला तेव्हा मी हॉर्नवर हात ठेवला आणि मागून त्याचा आवाज आला, “दादा, तू होतास म्हणून.” मी हॉर्न वाजवत राहिलो. टँकर केव्हाच गेला होता.

गाय वाचली. दुपारपर्यंत माणसांनी कुऱ्हाडीनंच वाट केली.

त्यानंतरच्या आठवड्यात मी पोतं व्हॅनमध्ये टाकून साखरप्याला गेलो, जिथे मला कुणी ओळखत नाही, आणि पट्टी-चेन भंगारवाल्याला दिली. म्हणजे आता मी बोललो ते खरं झालं. आधी खोटं बोलायचं आणि मागाहून ते खरं करून ठेवायचं — असा माझा टापटिपीचा स्वभाव.

त्या वर्षी गणपतीत दिनू आरतीला आला. टाळ त्यानं डाव्या हातात धरला. आरतीनंतर सगळ्यांसमोर म्हणाला, फणस दादाचा. पडेल तिकडं पडूदे, फणस दादाचा. मी काय केलं? नको नको म्हणालो, दोनदा. मग घेतला. सात वर्षं जे भांडून मिळालं नाही ते असं मिळालं.

नर्सरीची गाडी आता त्याच्या दारात येत नाही. आता घरच्या घरी थोडी कलमं करतात. तो डाव्या हातानं रोप धरतो, बायको फीत गुंडाळते. तिला जमत नाही. काडी हलते, कलम मरतं. तो तिच्यावर चिडतो, मग उठून गडग्याशी येतो आणि खाकरतो. अजून डोकं फिरतं माझं.

परवा तो दाखल्याचा अर्ज घेऊन आला. अपंगाचा दाखला काढायचा म्हणे. पोराच्या कॉलेजात काही सवलत आहे. माझं अक्षर चांगलं, म्हणून माझ्याकडे. मी नाव लिहिलं, वय लिहिलं, गाव-तालुका लिहिला. खाली रकाना होता — अपघात कशामुळे झाला.

मी पेन धरून थांबलो. म्हटलं, काय लिहू?

तो म्हणाला, “लिव, माज्याच चुकीनं. दुसऱ्या कोनाचा नाव कशाला?”

मी लिहिलं. ‘स्वतःच्या चुकीमुळे.’ चुकीतला चु ऱ्हस्व काढला, खाली रेघ मारली, आणि साक्षीदाराच्या जागी माझी सही केली.