वॉरंटी गाडीची, सही मोरे सरांची

“गिअरच पडून नाही राहिला, मॅडम. उद्या अम्मीचं डायलिसिस हाय.”

टोइंगवरून उतरवलेल्या लाल गाडीशेजारी उमरीचे रशीदभाई उभे होते. तिकडं त्यांचं शिलाईचं दुकान आहे. आईला डायलिसिससाठी नांदेडला आणावं लागतं आणि बसचे धक्के तिला सोसवत नाहीत, म्हणून त्यांनी नुकतीच ही सेकंडहॅण्ड गाडी घेतली होती.

मी नांदेडच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये वॉरंटी इन्चार्ज आहे. कोणता पार्ट कंपनीच्या खर्चाने बदलायचा आणि कोणता ग्राहकाच्या, हे माझ्या टेबलावर ठरतं. लोक तोंडावर मॅडम म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला माहीत आहे.

गाडीचा ॲक्चुएटर गेला होता. क्लच न दाबता आपोआप गिअर टाकणारा पार्ट. किंमत ऐकून रशीदभाई खुर्चीत बसलेच.

“वॉरंटीत नाही का होत? पण मी तर दुसरा मालक.”

बहुतेक लोक इथेच हार मानतात. नव्या गाडीबरोबर मिळणारी वॉरंटी चेसिस नंबरवर असते, म्हणून मालक बदलला तरी ती गाडीबरोबर जाते. या गाडीची ती संपली होती. पण सिस्टीममध्ये चेसिस नंबर टाकला आणि मी ताडकन उठले. पहिल्या मालकाने जास्तीचे पैसे भरून एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली होती. ती आजपर्यंत चालू होती. आजचाच शेवटचा दिवस!

मी एरिया मॅनेजरना फोन लावला. “एक्स्टेंडेड नव्या मालकाच्या नावावर करून घ्यावी लागते,” ते म्हणाले. “जुन्या मालकाची सही आणि त्यांच्या मोबाइलवरचा ओटीपी. संध्याकाळी पोर्टल बंद होण्याआधी झालं तर क्लेम मंजूर करतो. उद्या माझ्याकडे येऊ नका.”

जुने मालक म्हणजे रिटायर्ड शिक्षक मोरे सर. इथेच नांदेडला राहतात.

“लावा फोन,” मी म्हणाले.

“गाडी घेतल्यापासून उचलूनच नाही राहिले, मॅडम. आरसी बुकासाठी लई वेळा लावला.”

मग मी हेल्मेट घातलं आणि रशीदभाईंना स्कूटीवर मागे बसवलं. ऑफिसचा लॅपटॉप त्यांच्या मांडीवर. सिग्नलला लोक आमच्याकडे बघत होते, बघू दे म्हटलं.

सरांच्या दारात एक मोठी पांढरी गाडी उभी होती. काकूंनी दार अर्धंच उघडलं. “सर गावाला गेलेत.”

रशीदभाईंनी सरांचा नंबर लावला. घरातून रिंग वाजली. काकू माझ्याकडे बघायला लागल्या, मी काकूंकडे. हसू दाबताना माझे गाल दुखले.

“काकू,” मी आतपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “गाडी परत करायला नाही आलो. पैसेही मागत नाही. सरांची एक सही पाहिजे, गाडी फुकट दुरुस्त होतेय.”

पडदा हलला. बनियनवर सर बाहेर आले. “अरे रशीदभाई, या की, बसा. मला वाटलं, गाडी बिघडली म्हणून भांडायला येऊन राहिले तुम्ही.”

सही झाली. ओटीपी आला, पण चष्मा सापडेना. तो सापडेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवला, तो मीच वाचला. पोर्टलवर हिरवी टिक आली आणि मी सरांच्या अंगणात उड्या मारल्या. रशीदभाई डोळे पुसत होते, काकू चहा टाकायला गेल्या.

पार्ट स्टॉकमध्ये होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बसवला. रशीदभाई चावी घेत होते तेवढ्यात पांढरी गाडी घेऊन मोरे सर आले.

“मॅडम, ही पण सेकंडहॅण्डच आहे. हिची वॉरंटी माझ्या नावावर झालीय का बघा बरं.”

मी बघितलं. एक्स्टेंडेड होती, भरपूर शिल्लकही होती, पण लातूरच्या कुणाच्या तरी नावावर. जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, चावीच्या आधी वॉरंटीच्या अर्जावर सही घ्या. विकणारा माणूस तेव्हाच सगळ्यात गोड बोलतो.

“त्यांना फोन लावा, सर.”

“लावून राहिलो. उचलतच न्हाईत.”

रशीदभाईंनी चावी खिशात टाकली. “त्यांच्या घरी जा सर, आन् दारात उभं राहून लावा,” ते म्हणाले. “आतून रिंग ऐकू येती.”