मिस्त्रींचे खालचे चार

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात जाहीर केलं होतं की आमच्या आजोबांनी बाथरूममध्ये पुन्हा कारखाना काढलाय. "रोज सकाळी सहाला यंत्र सुरू! पंचाहत्तरीत माणसाने स्वस्थ बसावं की नाही? बघ हं, एक दिवस फरशी फोडून माझ्या डोक्यावर उतरतील." 'डोक्यावर' म्हणताना काकूंचे डोळे असे गरगरा फिरतात, की मी ते घरी करून दाखवल्यावर आजीला ठसका लागला.

कारखाना वगैरे काही नव्हता. आजोबा दात घासत होते.

आजोबांनी पन्नास वर्षं सुतारकाम केलं. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात, आजीसुद्धा. कामात दोन्ही हात अडकलेले, म्हणून खिळे कायम खालच्या चार दातांत. त्यातल्या एकाला खिळ्याएवढी खाच पडलीय. ती ते पदक दाखवावं तशी दाखवतात. आणि दात घासायचे ते रंधा मारल्यासारखे. पाय रोवून, कमरेतून वाकून, खर्रऽ खर्रऽ. पंधरा दिवसांत ब्रशचा खराटा.

दाताच्या डॉक्टरीणबाईंनी आरसा आत घातला आणि कपाळाला हात लावला. "मिस्त्री, पुढच्या हिरड्या तासून काढल्यात तुम्ही! मागे मात्र ब्रश पोचलेलाच नाही. जरा मूठ मिटून दाखवा."

मूठ अर्धीच मिटली. आजोबांनी हात झटकन खिशात घातला. बोटं आखडल्याचं त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

"जाड दांड्याचा, बॅटरीवरचा ब्रश घ्या. नुसता दातावर टेकवायचा, घासायचं काम त्याचं. तीन महिन्यांनी बघू. हिरड्या सुधारल्या नाहीत, तर खालचे चार काढावे लागतील."

घरी आल्यावर आईने दातांच्या कण्या केल्या. आजीने स्वतःची कवळी पेल्यात बुडवून दाखवली. "ही बघा, पोहतेय. सोबत हवी असेल तर सांगा, पेला मोठा आहे." आजोबांचं एकच, "यंत्राने दात घासायला मी काय अंथरुणाला खिळलोय?"

मग गॅलरीत मी एकटीच होते तेव्हा हळूच म्हणाले, "साधा ब्रश धरवत नाही म्हणजे हातातली पटाशी कायमचीच सुटली म्हणायची."

मी जगातल्या सगळ्यांची नक्कल करते. या वाक्याची केली नाही.

आईने ब्रश आणलाच. एकच बटण. आजोबांनी पेस्ट लावली आणि ब्रश तोंडाबाहेर असतानाच बटण दाबलं. आरशावर, चष्म्यावर आणि माझ्या शाळेच्या शर्टावर पांढरे ठिपके. दुसऱ्या दिवसापासून बटण तोंडात गेल्यावर, पण हात जुनाच. तो फिरता ब्रश ते दात-ओठ खाऊन मागे-पुढे रेटायचे. मला दाराबाहेरून कळायचं. मोकळा चालला की तो 'झूंऽऽ' गातो, दाबला की 'घुर्रऽ' करून रडतो. आतून सगळं घुर्रऽच. चौथ्या दिवशी जुना खराटा कपाटावरून खाली उतरलेला दिसला.

"आठ दिवसांत तुम्ही परत याच्यावर येणार," मी म्हटलं. "लावता पैज?"

"लाव. तीन महिने. हरलीस तर महिनाभर कुणाचीही नक्कल बंद."

"आणि तुम्ही हरलात तर?"

"तर दात गेल्यावर मी कसा बोलतो, त्याची खुशाल कर."

हसून सांगितलं त्यांनी. तसला आवाज मला येतो. तो मला नको होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा घुर्रऽ. मला राहवेना. हाताखाली शिकायला आलेल्या पोरांवर आजोबा ज्या आवाजात खेकसायचे, त्याच आवाजात मी दारावर थाप मारून ओरडले, "अरे ए रेड्या! करवतीला रेटतोस कशाला? धार आहे ना तिला? तू नुसती वाट दाखव, ती जाते आपली आपण!"

घुर्रऽ बंद. मग खाकरणं. मग, झूंऽऽ.

दोन मिनिटांनी ब्रश आपसूक थांबला, तोवर झूंऽऽच. बाहेर येऊन तोंड पुसत म्हणाले, "कोण गं तो मिस्त्री? बरं शिकवतो." टॉवेल खांद्यावर टाकत, "दांडा बसतो मात्र मुठीत. पटाशीसारखाच आहे जाड."

त्यानंतर रोज सकाळी मी दाराबाहेर.

"दाबताय!"

"कळतंय गं, भवाने!"

स्वतःच्या पैजेवर असा रोज धोंडा घालणारं गाढव दुसरं नसेल. दीड महिन्यानंतर मला ओरडावंही लागेना. आजोबांनी जुन्या खराट्याने कपाटाच्या बिजागऱ्यांना तेल लावायला घेतलं.

तीन महिने झाले. डॉक्टरीणबाईंनी प्रत्येक दाताभोवती टोकदार सळई फिरवली. आजोबांनी खुर्चीचा हात धरला होता, आणि मी त्यांचा दुसरा. "रक्त नाही," बाई म्हणाल्या. "राहू देत चारही. खिळे मात्र आता डबीत ठेवा."

परतताना जिन्यात काकू भेटल्या. आजोबा मोठ्याने म्हणाले, "कारखाना चालूच राहणार बरं का!"

"अगं बाई! आता माझ्या डोक्यावर..." काकूंचे डोळे असे फिरले, असे सुरेख फिरले, की माझं तोंड आपोआप उघडलं.

आजोबांनी खालचे चारही दात दाखवत बोट वर केलं.

"एक महिना."