दिवा घालवला, हवा भरली नाही

ती घटना आठवली की आजही मुठी आवळतात. त्या गुन्ह्याचा तपास अधिकारी मीच होतो, आणि राग माझ्यावरच आहे.

मे महिन्यातली दुपार. टेंभुर्णीचं एक कुटुंब मुलीची सुपारी फोडायला भाड्याच्या गाडीतून धावड्याला निघालं होतं. गाडी सात जणांची, बसले होते नऊ. वाटेत मागचं डावं टायर फुटलं आणि गाडी उलटली. मुलीची आई जागीच गेली. ड्रायव्हरला फक्त खरचटलं. अशा वेळी जिवंत राहिलेला माणूसच लोकांना गुन्हेगार वाटतो. मलाही वाटला. पंचनामा करून गुन्हा नोंदवला आणि त्याला ताब्यात घेतलं.

मोटार वाहन निरीक्षकांनी उरलेल्या टायरांची हवा मोजली. तेहेतीस हवी तिथे बावीस.

"गाडी ठासून भरलेली, रस्ता तापलेला आणि टायर नरम," ते म्हणाले. "असं टायर चालता चालता दुमडत राहतं, आतून तापतं आणि फुटतं. पण या गाडीत हवा कमी झाली की पिवळा दिवा लागतो. ड्रायव्हर म्हणतो, लागलाच नाही."

दुसऱ्या दिवशी टेंभुर्णीच्या पंक्चरवाल्याचा ठाण्यात फोन आला. "साहेब, ती गाडी चार दिवसाखाली माझ्या दुकानापुढं आल्ती. दिवा लागेल होता. म्हणलो, पाच मिनिटं थांब, हवा भरून देतो. थांबला न्हाई. म्हणला, जल्दी आहे."

मला एवढंच पाहिजे होतं. ड्रायव्हरला समोर उभा केला.

"दिवा लागला नव्हता म्हणतोस?"

"त्या दिवशी न्हाई लागला साहेब. चार दिवसाखाली लागल्ता. रीसेटचं बटण दाबलं, गेला."

"हवा न भरता? कोणाला विचारून?"

मी कानाखाली ठेवून दिली. त्याने गालाला हातही लावला नाही.

"साहेब, मागं तुम्हीच बसेल होते."

बंदोबस्ताला सरकारी गाड्या पुरत नसत. मग गावातली भाड्याची गाडी ठाण्यावर बोलावून घ्यायची, अशी आमची रीत. ड्रायव्हरसुद्धा मालकाचाच. नाही म्हणायची कोणाची छाती होत नसे. मी स्टेशन डायरी उघडली. चार दिवसांपूर्वीच्या बंदोबस्ताच्या नोंदीत त्याच गाडीचा नंबर होता, अक्षर माझं. अपघाताच्या जागी मी ना गाडी ओळखली, ना त्याला. मागे बसणाऱ्या साहेबाला ड्रायव्हरची मान तेवढी दिसते.

आणि मग माझंच बोलणं आठवलं. "दिव्याचं काय घेऊन बसलास? घालव तो. उशीर होतोय."

त्याने घालवला. हवा न भरता ते बटण दाबलं की गाडी समजते, आत्ता आहे तेवढीच हवा बरोबर. मग ती त्या कमी हवेवर गप्प बसते. "दिवा गेला, मंग मला वाटलं सगळं बराबर झालं," तो म्हणाला. मला तर तेवढंही वाटलं नव्हतं. मी विचारच केला नव्हता.

त्याचा जबाब मी लिहून घेतला. 'दिवा लागल्याचे माहीत असूनही मी हवा भरली नाही.' कोणाच्या सांगण्यावरून, ते लिहिलं नाही. त्याने वाचलं आणि मान वर केली.

"साहेब, एक ओळ राह्यली."

"काही राहिलं नाही. सही कर."

त्याने सही केली. न्यायालयात त्याला शिक्षा झाली, लायसन्स गेलं. मी बढती घेऊन निवृत्त झालो.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, ते सांगतो. सकाळी गाडी थंड असताना हवा तपासा. किती हवी, तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. माणसं आणि सामान भरणार असाल तर त्याचा वेगळा आकडा असतो. दिवा लागला तर वेग कमी करा, जागा बघून थांबा, टायर पाहा. आधी हवा, मगच बटण. आणि मागे बसलेला कितीही मोठा असो, त्याच्या घाईपायी पुढे जाऊ नका. पाच मिनिटांचं काम होतं हो! संताप होतो, तो या पाच मिनिटांचा.

दोन महिन्यांपूर्वी टेंभुर्णीला जाऊन मुलीच्या वडिलांना सगळं सांगितलं.

"इतके वर्षं आम्ही त्या ड्रायव्हरला शिव्या देऊन राह्यलो," ते म्हणाले. "मला काय सांगता? चला त्याच्या घरी. त्याच्या बायकालेकरांपुढं सांगा. मी येतो संगं."

त्यांनी पायात चपलासुद्धा घातल्या. मी म्हणालो, उद्या येतो.

अजून गेलेलो नाही.