पलटणीचा बंब

माझ्या मेहुण्यानं आमचा तांब्याचा बंब चोरलेला नाही. हे वाक्य मी तीन वर्षांपूर्वीच बोलायला हवं होतं.

छावणीत इंग्रजांच्या इंजिनीयर पलटणीची एक जुनी बराक आहे. पूल बांधणारे, सुरुंग लावणारे गोरे शिपाई तिथं राहायचे. एका निवृत्त सुभेदारांनी तिथं लहानसं लष्करी संग्रहालय मांडायला घेतलं. मी सकाळी तिकडं फिरायला जायचो. एकदा (कुणी विचारलेलं नसताना) बोलून गेलो की, माझे आजोबा याच पलटणीकडे मिस्त्री होते. (आजोबा शेंद्र्याला शेती करायचे. बराक त्यांनी बाहेरूनही पाहिली नसावी.)

"मग त्यांची एखादी वस्तू द्या की," सुभेदार म्हणाले.

"बघतो."

पुढं रोज तेच. "वस्तू?" मी फिरायचा रस्ता बदलला, तर हा माणूस त्या रस्त्यानं फिरायला लागला! शेवटी वैतागून, बायको देवळात गेलेली बघून, माळ्यावरचा बंब पोत्यात घातला आणि रिक्षानं नेऊन दिला. आंघोळीचं पाणी तापवायचा बंब. गीझर आल्यापासून धूळ खात पडलेला. सुभेदारांनी त्याला सलाम ठोकला.

नेमका त्याच आठवड्यात मेहुणा दत्तू पैठणहून गहू घेऊन आला आणि रिकामी पोती घेऊन गेला. दिवाळीच्या साफसफाईला सुमन माळ्यावर चढली.

"अहो, माझ्या आईनं दिलेला बंब कुठंय?"

"मला काय माहीत?" इथवर ठीक होतं. पण मी पुढं म्हणालो, "दत्तू चढला होता ना माळ्यावर?"

(चढला होता. पोती काढायला मीच चढवला होता.)

तिनं लगेच फोन लावला. "दत्तू, बंब आण माघारी."

"कुठला बंब, ताई?"

"व्हय, आता बंबसुद्धा आठवंना तुला!"

भाऊबीज बंद. भाऊ पैठणला धडधाकट असताना सुमन तीन वर्षं चंद्राला ओवाळत होती, आणि शेजारी निरांजनाला वारा लागू नये म्हणून हात धरून मी.

गेल्या महिन्यात तिच्या भिशीच्या बायकांनी संग्रहालय बघायचं काढलं. मी पोट दुखवून पाहिलं, उपयोग झाला नाही; मलाही बरोबर नेलंच. सुभेदार रंगात येऊन सांगत होते, "मिस्त्रींच्या नातवानं दिलेला हा बंब. गोरे साहेब याच्याच पाण्यानं आंघोळ करायचे."

सुमननं बंब फिरवला. (कोरलेली बाजू भिंतीकडं करून मीच ठेवला होता. जुन्या वस्तूला हात लावायचा नाही, हा सुभेदारांचा नियम.)

"वाचा," ती म्हणाली.

सुभेदारांनी चष्मा लावून कोरलेली अक्षरं मोठ्यानं वाचली. "चि. सौ. कां. सुमन हिस आईकडून."

"गोऱ्या साहेबाचं नाव सुमन होतं व्हय?" एका बाईनं विचारलं.

सुमन माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "तीन वर्षं, अहो." मग तिथूनच तिनं दत्तूला फोन लावला आणि रडली.

दत्तू म्हणाला, "येतो ताई. पण समद्या पाहुण्यांत मी बंबचोर झालोय. दाजींनी छापून कबूल करावं, मगच पाटावर बसतो."

म्हणून हे लिहिणं. आधीचे तीन खर्डे सुमननं परत केले. त्यांत सगळी चूक सुभेदारांची दिसत होती. हा चौथा तिनं दोनदा वाचला.

"आता बरंय. पण यात तुम्ही लई हुशार दिसताय."

"राहू दे," मी म्हणालो. "एवढं एक खोटं चालेल दत्तूला."